बडोद्यातलं इंटिग्रेशन-मेसेजिंगचं पाच दिवसांचं ट्रेनिंग: पैसे वसूल, पण तिसऱ्या दिवसापासून

सगळ्यात आधी सांगते, हे ट्रेनिंग मी हौसेने केलेलं नाही, गॅस्केटमुळे (पंपाच्या सांध्यात गळती थांबवायला बसवतात ते) केलं.

झालं असं की आमची मकरपुरा जीआयडीसीत पंपांची कंपनी, आयटीत आम्ही तीनच माणसं, आणि एसएपी या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघालेली पर्चेस ऑर्डर (पीओ) बिझटॉक या मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून व्हेंडरच्या सिस्टीमला जाते. बिझटॉक लावून देणारा मुलगा केव्हाच कॅनडाला गेला, तेव्हापासून ते आमच्याकडे देव्हाऱ्यातल्या टाकांसारखं आहे, रोज नमस्कार करायचा पण जागचं हलवायचं नाही. एका दुपारी व्हेंडरचा सर्व्हर जाम झाला. आमच्याकडून गॅस्केटची ऑर्डर गेली, उत्तर वेळेत आलं नाही, म्हणून सेंड पोर्टने (बिझटॉकमधून मेसेज बाहेर पाठवणारं दार) परत पाठवली, मग परत, मग परत. बिझटॉकच्या सेंड पोर्टला तुम्ही हात लावला नाहीत तर तो ५-५ मिनिटांनी ३ वेळा रीट्राय करतो, आणि आमच्याकडे हात कोण लावणार. तिकडे ऑर्डर पहिल्याच फटक्यात पोचलेली होती, फक्त त्यांचं 'मिळाली' एवढं उत्तर आमच्यापर्यंत येत नव्हतं. म्हणजे एक मूळ आणि तीन रीट्राय मिळून चार ऑर्डरी. व्हेंडर बिचारा प्रामाणिक, त्याने चारही ऑर्डरींचा माल पाठवला. स्टोअरवाले काका फोनवर म्हणाले, "ताई, गॅस्केटचं दुकान काढताय का?" त्या संध्याकाळी साहेबांनी ट्रेनिंगची फी मंजूर केली, जी मी दोन वर्षं मागत होते.

तर आता क्लासबद्दल. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारीही आहेत आणि बडोदं केवढंसं, सगळे एकमेकांना लग्नकार्यात भेटतात. पाच दिवस, साडेनऊ ते साडेपाच, फी २६ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३०,६८० रुपये. आम्ही अकरा जण होतो, त्यात दोघी बायका, बाकी सगळे नंदेसरी, वाघोडिया, हालोल अशा बाजूच्या कारखान्यांतले, एक मुलगा रोज भरूचहून ट्रेनने यायचा. विषय काय तर डेव्हलपर लोकांना बिझनेस प्रोसेस इंटिग्रेशन आणि मेसेजिंगची सोल्यूशन्स बांधायला शिकवणं, म्हणजे साध्या भाषेत एका सिस्टीमचं बोलणं दुसऱ्या सिस्टीमला समजेल असं पोचवायचं आणि ते पोचलं की नाही याचा हिशोब ठेवायचा. जाहिरातीत पहिला अर्धाच भाग ठळक असतो.

पहिले दोन दिवस पाण्यात. खरंच. मुख्य सर नव्हतेच, त्यांचा असिस्टंट मुलगा स्लाइड वाचत होता, आणि स्लाइडवर जे लिहिलंय तेच मोठ्याने वाचणं याला शिकवणं म्हणत नाहीत हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. बिझटॉकची पहिली आवृत्ती २००० ची, २००४ ला डॉटनेटवर नव्याने बांधलं, मग २००६, २००९, २०१०, २०१३ अशी वंशावळ सुरू होती आणि मागच्या रांगेत जांभया. शेवटी नंदेसरीवाल्या एकाने विचारलंच की पण हे तर बंद होतंय ना? तर असिस्टंट म्हणे हा प्रश्न सरांना विचारा. अरे पण हा तर पहिल्या तासाला सांगायचा मुद्दा आहे! मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलंय की बिझटॉक सर्व्हर २०२० ही शेवटची आवृत्ती, नेहमीचा सपोर्ट २०२८ पर्यंत आणि एक्स्टेंडेड २०३० पर्यंत, पुढचा रस्ता अझुर लॉजिक ॲप्सचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर हेच जोडकाम करणाऱ्या सेवेचा. तीस हजार भरून बसलेल्या माणसाला हे पहिल्या चहाच्या आधी कळायला नको का? सरांनी ते पाचव्या दिवशी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, त्यावर खाली येते.

दोन दिवसांत शिकलो काय तर स्कीमा (फाइलमध्ये काय कुठे असेल याचा साचा) बनवणे, मॅप बनवणे. मॅप म्हणजे डावीकडे तुमचा फॉर्म, उजवीकडे समोरच्याचा फॉर्म, मधे रेघा ओढायच्या आणि जिथे हिशोब किंवा अट लागेल तिथे फंक्टॉइड नावाचे चौकोन टाकायचे. दिसायला मजेदार, पण खरी ऑर्डर घेतली तर तासाभरात आईच्या विणकामाच्या पिशवीसारखा गुंता होतो. हे यूट्यूबवर बघूनही येतं.

तिसऱ्या दिवशी सर आले. साठीच्या आसपासचे, बडोद्याचेच मराठी, बोलताना वाक्य मराठीत सुरू करून गुजरातीत संपवणारे, आयुष्य कारखान्यांच्या सिस्टीमी जोडण्यात गेलेलं. त्यांनी काय केलं, प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाले काल तुम्ही बनवलेलं सगळं मी रात्री बिघडवून ठेवलंय, चालवा. बस. आम्ही फोल्डरमध्ये ऑर्डरची फाइल टाकली, फाइल गायब झाली म्हणजे बिझटॉकने उचलली, आणि पलीकडच्या फोल्डरमध्ये काहीच नाही. भरूचवाला मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मेसेज गयो क्यां?" आणि पुढचे तीन दिवस हे वाक्य आमच्या बॅचचं ब्रीदवाक्य झालं.

गेला कुठे तर कुठेच नाही, तिथेच होता. ही गोष्ट मला कोणी इतकी वर्षं नीट सांगितली नव्हती. बिझटॉकमध्ये आलेला मेसेज कोणाला उद्देशून पुढे जात नाही, तो मेसेजबॉक्स नावाच्या एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये येऊन पडतो आणि ज्यांनी ज्यांनी 'मला असला मेसेज हवा' असं सबस्क्रिप्शन नोंदवलंय त्यांना तो मिळतो. कोणीच नोंदवलेलं नसेल तर रूटिंग फेल्युअर, मेसेज सस्पेंड होऊन बसतो आणि ॲडमिन कन्सोलमध्ये जाऊन शोधला तरच दिसतो. आमच्यात सबस्क्रिप्शन तर होतं. मग? मी आणि शेजारचा हालोलवाला एक तास चाळीस मिनिटं त्याच्यावर होतो, घड्याळ बघून सांगते, पोर्ट परत बनवला, होस्ट रीस्टार्ट केला, सगळं परत डिप्लॉय केलं. सर मागे उभे राहून शेंगदाणे खात होते, एक शब्द सांगत नव्हते. शेवटी दोन्हीकडचा मेसेज टाइप नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवला तेव्हा दिसलं. मेसेज टाइप म्हणजे स्कीमाचं नेमस्पेस (वेबच्या पत्त्यासारखं दिसणारं त्याचं आडनाव), मग हॅशचं चिन्ह (#), मग रूट नोडचं, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या टॅगचं नाव. सरांनी फाइलमधल्या नेमस्पेसच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्तीची टाकून ठेवली होती. एक रेघ! आपल्या डोळ्याला तो तोच पत्ता, बिझटॉकसाठी दुसरं गाव.

ती रेघ मी जन्मात विसरणार नाही. स्लाइडवर लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरले असते.

दुपारी आणखी एक, वजनकाट्याची फाइल. हे उदाहरण सरांनी इथल्या लोकांसाठीच निवडलं असणार कारण आमच्यापैकी सात जणांच्या कारखान्यात गेटवर वजनकाटा आहे आणि त्यातून ट्रक नंबर, वजन, वेळ अशी साधी टेक्स्ट फाइल निघते. ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाचे टॅग लावलेल्या फाइलमध्ये वळवायची. सगळ्या ओळी नीट आणि शेवटच्या ओळीवर 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ स्ट्रीम' म्हणून एरर. कारण काय तर शेवटच्या ओळीनंतर काट्याचं सॉफ्टवेअर एंटर देत नाही, आणि आपण स्कीमात सांगून ठेवलंय की प्रत्येक ओळीनंतर एंटर असतो. पोस्टफिक्स काढून इन्फिक्स करायचं, म्हणजे एंटर ओळींच्या मधे आहे, शेवटी नाही. एका शब्दाचा बदल. हालोलवाल्याने तिथूनच ऑफिसला फोन लावला की आपली काट्याची फाइल तीन महिने हाताने एंटर मारून टाकतायत ना, थांबवा ते, मी सोमवारी येतो.

सेव उसळचा किस्सा सांगायलाच हवा. चौथ्या दिवशी दुपारी सर आम्हाला खाली गाडीवर घेऊन गेले, पैसे त्यांनीच दिले (याचा एक स्टार वेगळा). बडोद्यातली गर्दीची सेव उसळची जागा माहितीये ना, काउंटरवर कूपन घ्यायचं, आत द्यायचं, तो अर्धं फाडतो आणि प्लेट सरकवतो, तर्री आणि सेव पाहिजे तेवढी आपली आपण. सर म्हणाले आता बघा, त्याने कूपन घेतलं पण फाडायच्या आत त्याला मालकाने हाक मारली आणि तो गेला, कूपन तसंच पडलंय, तर दुसरा माणूस येऊन तेच कूपन उचलेल आणि परत प्लेट लावेल. दोन प्लेटी, एक कूपन. सर्व्हिस बस म्हणजे अझुरवरची मेसेज पोचवणारी सेवा, तिच्या क्यूमध्ये (मेसेजच्या रांगेत) हेच असतं, मेसेज उचलला की काही काळ लॉक, जास्तीत जास्त ५ मिनिटांचा, काम झालं की 'झालं' म्हणून कळवायचं, नाही कळवलं आणि लॉकही वाढवून घेतला नाही तर क्यू समजते की हा मेला आणि मेसेज दुसऱ्याला देते. म्हणून मेसेज निदान एकदा पोचेल याची हमी असते, एकदाच पोचेल याची नसते. मी पाव हातात धरून उभी. माझ्या डोळ्यासमोर गॅस्केटचे खोके.

तिथेच मी सरांना आमची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले. वर आल्यावर ठरलेला विषय सोडून दीड तास त्याच्यावरच गेला, आणि उदाहरण घेतलं ई-इन्व्हॉइसचं, जे आता ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या बहुतेक सगळ्यांना (ऑगस्ट २०२३ पासून) बिझनेस टू बिझनेस बिलांसाठी करावंच लागतं. बिलाची माहिती सरकारी पोर्टलला पाठवली की आयआरएन (त्या बिलाचा संदर्भ नंबर) मिळतो, ६४ अक्षरांचा. हा नंबर कुठून येतो? विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर, यांच्यावरून काढलेला हॅश, म्हणजे ठरलेल्या गणिताने बनवलेला कोड आहे तो. म्हणजे तेच बिल दहादा पाठवलं तरी आयआरएन तोच निघणार. उत्तर येता येता लाइन गेली आणि तुम्ही परत पाठवलंत तर पोर्टल नवा नंबर देत नाही, २१५० नंबरची एरर देतं, डुप्लिकेट आयआरएन, आणि आधीचा आयआरएन सोबत परत देतं. कच्चा डेव्हलपर ही एरर बघून बिल फेल झालं म्हणून नोंदवतो आणि अकाउंट्सवाले बोंबलतात. समजणारा डेव्हलपर २१५० ला यश धरतो आणि आतला नंबर उचलून पुढे जातो. आमच्या व्हेंडरच्या सिस्टीमला तेच कळत नव्हतं, पीओ नंबर तोच असला तरी तिने दर वेळी नवी ऑर्डर उघडली.

मग मी विचारलं की मधे सर्व्हिस बसची क्यू ठेवली आणि तिचं डुप्लिकेट डिटेक्शन चालू केलं तर? ते मेसेज आयडी बघून दुसरी प्रत गाळतं. सरांनी मलाच विचारलं, किती वेळ लक्षात ठेवतं? बदललं नाही तर १० मिनिटं. आणि तुमचा शेवटचा रीट्राय कितव्या मिनिटाला? पंधराव्या. वर्गात शांतता. म्हणजे चौथा खोका तरीही आलाच असता. ती लक्षात ठेवायची मुदत ७ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण आधी हा हिशोब डोक्यात यायला हवा ना, आणि रीट्रायला मेसेज आयडी तोच ठेवायला हवा, दर वेळी नवीन बनवला तर गाळणार काय, कप्पाळ?

लांबलचक प्रोसेसचा भागही चांगला झाला. ऑर्डर पाठवायची आणि व्हेंडरच्या होकाराची वाट बघायची, होकार दोन तासांनी येईल नाहीतर आठ दिवसांनी. तेवढा वेळ ऑर्केस्ट्रेशन (बिझटॉकमध्ये ही पायरीपायरीने चालणारी प्रोसेस) मेमरीत बसून राहत नाही, ते डिहायड्रेट होतं, म्हणजे आपली सगळी स्थिती डेटाबेसमध्ये ठेवून झोपतं, उत्तर आलं की उठतं. (डिहायड्रेट हा शब्द ऐकून बडोद्याच्या मे महिन्यात सगळे एकदम पाण्याच्या बाटलीकडे वळले.) पण कोणतं उत्तर कोणत्या झोपलेल्याचं हे कसं कळणार, तर कोरिलेशन, म्हणजे दोन्हीकडे असलेल्या एकाच नंबरावरून जोडी लावणं, आमच्या लॅबमध्ये डिलिव्हरी नंबरवर. आणि इथे सरांनी परत खोडी काढलेली, उत्तराची फाइल एक्सेलमधून काढलेली, एक्सेलने नंबराच्या पुढचे दोन शून्य खाल्ले, एसएपीचा नंबर शून्यासकट दहा आकडी, जुळेना. झोपलेला झोपूनच आणि उत्तर सस्पेंड. हे आमच्याकडे महिन्यातून एकदा होतं आणि आम्ही त्याला 'नेटवर्क इश्यू' म्हणत होतो, लाज वाटली.

कॉम्पेन्सेशनवर (होऊन गेलेल्या कामाची भरपाई करण्यावर) सरांचं एक वाक्य वहीत लिहून ठेवलंय, पोस्टात टाकलेलं पत्र रोलबॅक होत नाही, दुसरं पत्र लिहावं लागतं. सागा पॅटर्न (प्रत्येक पायरीला तिची भरपाईची पायरी ठेवणं), कॅन्सल ऑर्डर वगैरे त्याच्यापुढचं सगळं यातूनच निघतं.

आता तक्रारी. मशीन ८ जीबी रॅमची, त्यावर एसक्यूएल सर्व्हर, बिझटॉक आणि व्हिज्युअल स्टुडिओ तिन्ही, बिल्ड मारून खाली जाऊन चहा पिऊन यावा. दोघांचं मशीन तर चौथ्या दिवशी उठलंच नाही, त्यांना शेजाऱ्याच्या स्क्रीनवर बघत बसावं लागलं, तेवढ्याच फीमध्ये. एसी एकच, त्याच्याखाली बसलेल्याला सर्दी आणि बाकीच्यांना घाम.

सगळ्यात मोठी तक्रार पाचव्या दिवसाची. लॉजिक ॲप्स, सर्व्हिस बस, जुन्या बिझटॉकमधलं काय उचलून नेता येतं आणि काय नव्याने लिहावं लागतं, हे सगळं एका दिवसात कोंबलं. आधी सांगितलं नव्हतं की स्वतःचं अझुर अकाउंट लागेल, ते उघडताना कार्ड मागतं, अर्ध्या मुलांकडे कार्ड नव्हतं किंवा घरच्यांना विचारायचं होतं, साडेअकरा त्यातच वाजले. तरी सरांनी कामाच्या दोन गोष्टी सांगितल्याच. एक, लॉजिक ॲप्सच्या कन्झम्प्शन प्लॅनमध्ये (वापर तेवढं बिल) फोल्डरात नवीन फाइल आली का अशी चौकशी करणारा ट्रिगर असेल तर फाइल नसली तरी चौकशी मोजली जाते, ३ मिनिटांनी ठेवलं तर दिवसाला ४८० चौकश्या, दिवसातून दोन फाइली येणाऱ्या फोल्डरसाठी. दुसरी, डेड लेटर क्यू. एखादा खराब मेसेज उचलला, जमलं नाही, परत ठेवला, असं १० वेळा झालं (आकडा बदलता येतो) की तो बाजूच्या डेड लेटर क्यूत जातो आणि तिथून आपोआप कधीच साफ होत नाही. सरांनी एकेकाला उभं करून विचारलं तुमच्याकडे ती क्यू रोज कोण बघतं, आणि अकरा जणांत एकाचंही उत्तर नव्हतं.

बिझटॉक शिकावं का हा नंदेसरीवाल्याचा प्रश्नही त्याच दिवशी आला. सरांचं म्हणणं, नवीन काम बिझटॉकवर सुरू करू नका, पण ज्यांच्याकडे चालू आहे त्यांना हलवायच्या आधी ते नीट समजून घ्यावंच लागेल, नाहीतर रीट्राय, कोरिलेशन हे सगळे जुने घोटाळे नव्या घरात जसेच्या तसे जातील. मला पटलं. माझं तर पोट त्यावरच आहे म्हणा.

कोणी जावं? ज्यांच्याकडे इंटिग्रेशन चालू आहे आणि रात्री फोन येतात, त्यांनी जरूर. कॉलेजातून नुकत्याच निघालेल्यांनी नको, तिसऱ्या दिवसाची मजा तुम्हाला कळणार नाही आणि पहिले दोन दिवस तर कोणालाच कळत नाहीत. फोन करून आधी विचारून घ्या की सर किती दिवस स्वतः असतील, आणि मशीनला रॅम किती. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, सर पाचही दिवस असते तर साडेचार दिले असते.

परत आल्यावर सोमवारी मी पहिलं काम केलं ते त्या सेंड पोर्टचा रीट्राय शून्यावर आणला, व्हेंडरला पीओ नंबर तपासायला लावला आणि मगच रीट्राय परत चालू केला. त्यांना पटवायला तीन आठवडे लागले. गॅस्केट परत घेत नाहीत म्हणाले.

आणि हो, गाडी नेऊ नका, पार्किंगला तळघर आहे पण २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर तिथे गाडी लावायला कोणाची छाती होत नाही, सगळ्या गाड्या रस्त्यावर आणि टोइंगवाले साडेदहाला येतात. स्कूटर न्या.